आजाऱ्याचे सोवळे

कर्करोगाच्या उपचारांत माणूस गळालेल्या केसांबद्दल बोलतो, उलट्यांबद्दल बोलतो, खर्चाबद्दलही बोलतो; पोटाबद्दल मात्र बोलत नाही. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘पोट साफ होतं का?’ आणि उत्तर येते, ‘हो, तसं ठीक आहे.’ सोबत मुलगा-सून उभी असतील तर हे उत्तर आणखी झटकन येते. या गप्प बसण्याला नुसती लाज म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी एक धार्मिक समजूत आहे. शौचाला वारंवार जावे लागणारा, कपडे खराब होणारा, पोटावर पिशवी लावावी लागलेला माणूस स्वतःला ओवळा समजू लागतो. देवपूजा दुसऱ्याकडे सोपवतो, आरतीला दाराशी उभा राहतो, पंगतीत बसायचे टाळतो. प्रश्न असा की, ज्या शरीराचा मलविसर्जनावरचा ताबा सुटला ते शरीर खरोखर अपवित्र होते का, आणि होत असेल तर ती अशुचिता निस्तरण्याचे कर्तव्य कुणाचे? आपल्याच परंपरा नीट वाचल्या तर उत्तर असे मिळते की आजारपणात शुचितेचा भार धडधाकट माणसांकडे जातो, आणि आजाऱ्याच्या वाट्याला एकच नियम उरतो: जे होते आहे ते खरे सांगणे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू, कारण दोष कुठे द्यायचा नाही हे त्यावरूनच कळते. केमोथेरपीची बरीच औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कर्कपेशी तशा असतात, पण आतड्याचे अस्तरही दर काही दिवसांनी नवे होत असल्याने तेही या माऱ्यात सापडते. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन, इरिनोटेकन या औषधांनी जुलाब होतात ते यामुळे. गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात ओटीपोटावर किरणोपचार होतात, तेव्हा शेजारचे आतडे सुजते, सारखी घाई लागते, कधी आव किंवा रक्त पडते. याच्या उलट मॉर्फिन आतड्याची हालचाल मंदावते, उलटी थांबवणारे ऑन्डानसेट्रॉन पोट बांधते, विनक्रिस्टिन आतड्याच्या मज्जातंतूंनाच त्रास देते. मॉर्फिनच्या गुंगीची शरीराला काही दिवसांत सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. म्हणूनच जाणते डॉक्टर मॉर्फिन लिहितानाच सोबत रेचकही लिहून देतात. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना कायमची किंवा काही महिन्यांपुरती पोटावरच्या छिद्राला पिशवी लावावी लागते. यातल्या कशातही रुग्णाच्या आचाराचा, संयमाचा किंवा स्वच्छतेच्या सवयींचा संबंध नाही. हा औषधाचा, किरणांचा आणि सुरीचा परिणाम आहे, आणि तो माणूस जगावा म्हणून पत्करलेला आहे.

आता न बोलण्याची किंमत. केमोतल्या जुलाबांची तीव्रता ठरवताना डॉक्टर रोजच्या सवयीशी तुलना करतात. नेहमीपेक्षा दिवसाला चार ते सहा वेळा जास्त होऊ लागले तर दुसरी पायरी, सात किंवा त्याहून अधिक वेळा वाढले तर तिसरी. त्या पायरीवर शरीरातले पाणी आणि पोटॅशियम झपाट्याने कमी होते, मूत्रपिंडावर ताण येतो, बहुधा दवाखान्यात भरती व्हावे लागते. त्यात पांढऱ्या पेशी कमी असतील आणि ताप असेल तर प्रश्न जिवाचा होतो. दुसरा सापळा अधिक फसवा आहे. मॉर्फिनवर असलेल्या माणसाच्या पोटात घट्ट खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपते. घरच्यांना ते जुलाब वाटतात, जुलाब बंद करायची गोळी दिली जाते, आणि खडा आणखी पक्का होतो. कुणी इसबगोल देतो, पण पुरेसे पाणी पोटात जात नसेल तर तोही तिथेच साचतो. हे सगळे वेळेत ओळखायला लागते ती साधी माहिती: एरवी दिवसातून किती वेळा जात होता, आता किती वेळा, रात्री उठावे लागते का, होते ते पाण्यासारखे की खड्यांसारखे, आव-रक्त आहे का. १९९७ मध्ये ब्रिस्टलमधून प्रसिद्ध झालेल्या तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. बोलायची लाज वाटली तर त्या तक्त्यावर नुसते बोट ठेवले तरी काम होते. ‘ठीक आहे’ या दोन शब्दांनी ही सगळी माहिती पुसली जाते.

मग शास्त्र काय म्हणते? सोवळ्याओवळ्याचे सर्वांत कडक नियम ज्यांनी लिहिले त्या स्मृतिकारांनीच आजाऱ्याला वेगळे काढले आहे. दक्षस्मृती दिवसा जेवढे शौच, म्हणजे शुद्धी, सांगते त्याच्या निम्मे रात्री, आणि आजाऱ्याला त्याच्याही निम्मे पुरे म्हणते. पाण्याने न्हाता येत नसेल तर मंत्राने, भस्माने, नुसत्या स्मरणाने होणारी स्नानेही स्मृतींनी मानली आहेत. पराशरस्मृती तर स्पष्टच म्हणते की देशावर संकट असताना, प्रवासात, व्याधीत आधी देह राखावा, धर्म त्यानंतर. आणि याच स्मृतीतला एक नियम या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. आजारी माणसाला स्नान करणे भाग पडले तर निरोगी माणसाने दहा वेळा न्हावे, प्रत्येक वेळी न्हाऊन आजाऱ्याला स्पर्श करावा, म्हणजे आजारी शुद्ध होतो. यातली व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. थंड पाणी कुणाच्या अंगावर पडले? निरोग्याच्या. आजाऱ्याला काय मिळाले? दहा वेळा माणसाचा हात. अशुचिता टाळण्यासाठी दूर व्हायचे, ही आपली नेहमीची समजूत. इथे शुचिता साधते ती जवळ येण्याने. इस्लामी धर्मशास्त्रातही असाच विचार आहे. ज्याला लघवी, वायू किंवा मळ सतत आवरत नाही अशा माणसाला हनफी परंपरा ‘माजूर’, म्हणजे सूट असलेला, मानते. त्याने प्रत्येक नमाजाच्या वेळेला एकदा वुजू, म्हणजे नमाजाआधीची पाण्याने शुद्धी, करावा. त्या वेळेत त्या आजाराने पुढे काय झाले तरी वुजू मोडत नाही.

बौद्ध विनयपिटकात या व्यवस्थेची दुसरी बाजू येते. महावग्गातल्या चीवराच्या प्रकरणात एका भिक्खूची गोष्ट आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कुणी त्याची शुश्रूषा करत नव्हते. बुद्धांनी कारण विचारले तर तो संघाच्या काही उपयोगी पडत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी शिष्य आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. त्यानंतर संघाला उद्देशून जे सांगितले त्याचा आशय असा की तुमची सेवा करायला इथे आई-बाप नाहीत, तुम्ही एकमेकांची केली नाही तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. लोक गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि थांबतात, पण मजकूर पुढे जातो. सेवा करायला अवघड असा आजारी कोण, याचे पाच दोष तिथे मोजले आहेत. त्यांत पथ्य न पाळणे, औषध न घेणे यांच्याबरोबर एक दोष असा की तो आपले हित पाहणाऱ्या परिचारकाला दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे हे खरेखरे सांगत नाही. लगेच परिचारकाचेही दोष येतात, आणि त्यांत एक म्हणजे मळ, मूत्र, वांती काढताना किळस करणे. दोन्ही नियम जोडीनेच वाचले पाहिजेत. आजाऱ्याने लपवू नये, हे म्हणायचा अधिकार परिचारकाला त्याने नाक मुरडले नाही तरच मिळतो.

यावर पहिला आक्षेप शास्त्राच्याच बाजूने येईल. मनूने शरीराचे बारा मळ सांगितले आहेत, पतंजलींच्या योगसूत्रांत शौचापासून स्वतःच्या देहाची जुगुप्सा उपजते असे म्हटले आहे, आणि समर्थांनी दासबोधात गर्भवासाचे वर्णन करताना घाणीचा एकही तपशील गाळलेला नाही. मग देहाची किळस हीच धार्मिक दृष्टी नव्हे का? पण मनूची यादी पुरती वाचावी. त्यात विष्ठेबरोबर घाम आहे, कानातला मळ आहे आणि अश्रूही आहेत. देवळात डोळे भरून आले म्हणून कुणी स्वतःला ओवळे मानत नाही. पतंजलींची जुगुप्सा साधकाने स्वतःच्या देहाविषयी धरायची आहे, शेजारच्या खाटेवरच्या देहाविषयी नव्हे. आणि पुढच्याच सूत्रात मनाची शुद्धी आणि प्रसन्नता ही शौचाची फळे सांगितली आहेत. समर्थांचे वर्णन तर जन्मलेल्या प्रत्येकाला लागू आहे, राजाला आणि शास्त्र्यालाही. वैराग्याचा हा सगळा विचार देह मुळातच असा आहे असे सांगतो, त्यामुळे त्याच्या आधारे कर्करोगाच्या एकट्या रुग्णाला वेगळे बसवता येत नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शुचित्वाचे विवरण करताना आत मळ ठेवून केलेल्या बाह्य शुद्धीला शृंगारलेल्या प्रेताच्या ओळीत बसवले, ते ध्यानात घेतले तर नाक मुरडणारा धुतवस्त्र माणूस आणि कपडे खराब झालेला रुग्ण यांत ओवळे कोण, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मळापासून दूर राहण्याचे नियम आरोग्याचेच आहेत, ते मोडायला सांगायचे का? मुळीच नाही. उलट केमोनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या मलमूत्रात औषधाचा अंश असतो, म्हणून हातमोजे घालावेत, झाकण लावून दोनदा फ्लश करावे, खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत, असे सांगितले जाते. पण या नियमाला मुदत आहे आणि कारणही आहे. तो हाताळण्याविषयी सांगतो, माणसाच्या पात्रतेविषयी काही म्हणत नाही. हात धुतले की संपतो. ओवळेपणाची भावना साबणाने जात नाही, यावरूनच ती आरोग्याची नव्हे हे ओळखावे. पिशवी एकतृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची, भोवतालची त्वचा कोरडी करून नवी चिकटवायची, एवढे केल्यावर पूजेला बसायला वैद्यकाची कसलीही हरकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मानण्यासारखा वाटतो. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. सासऱ्याने सुनेशी असल्या गोष्टी बोलायच्या का? बोलू नयेत, तसे वाटत असेल तर. एकांत हा माणसाचा हक्क आहे आणि आजारात तो वाढतो. पण विनयपिटकातला नियम गावभर सांगायला सांगत नाही. तो हित पाहणाऱ्या परिचारकापुरता आहे. तो परिचारक कोण हे रुग्णाने ठरवावे: बायको, मुलगा, मित्र किंवा वॉर्डातली सिस्टर. डॉक्टरांनीही हा प्रश्न नातेवाइकांना क्षणभर बाहेर पाठवून विचारावा.

शेवटी राहतो तो आक्षेप माझ्याच मांडणीवर उलटणारा. शुचितेचा भार धडधाकटांवर टाकला, पण आपल्या समाजात तो प्रत्यक्षात कुणावर पडतो? घरात बहुतेक वेळा बायको, सून, मुलगी यांच्यावर. आणि घराबाहेर शतकानुशतके काही जातींवर, ज्यांच्याकडून मैला उचलून घेऊन त्यांनाच अस्पृश्य ठरवले गेले. हाताने मैला वाहण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, ते त्यामुळेच. वर ज्या स्मृतींची साक्ष काढली त्याच परंपरेने ही उतरंडही पोसली, हे नाकारून चालणार नाही. म्हणून आजाऱ्याला दिलेली सूट घ्यावी आणि भाराची ती विभागणी टाकून द्यावी, एवढा विवेक वाचणाऱ्याला करावाच लागतो. त्यासाठी आधार परका नाही. महावग्गातल्या गोष्टीत सर्वांत वरच्या माणसाने पाणी ओतले, शिष्याला पाठवून देऊन काम उरकले नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनाआधी हातात झाडू घेतला; त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेली बाहेरगावची माणसे उतरतात. हा वारसा मानायचा तर दहा वेळा न्हाण्याची पाळी घरातल्या कर्त्या पुरुषापासून सुरू झाली पाहिजे. भांडे धुणे, चादर बदलणे, किती वेळा झाले ते वहीत टिपून ठेवणे आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे उघडणे, ही कामे त्याने शिकून घ्यावीत. तेवढे झाले तर ओपीडीत आजारी माणसाला ‘ठीक आहे’ म्हणावे लागणार नाही. आणि त्याच्याकडून खरे ऐकण्याची अपेक्षा धरायचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येईल.