बाबांना विचारलं का?

बसा. हजेरी नंतर घेतो, आधी या पर्यावरणाच्या प्रकल्पवह्यांचं बोलू.

प्रश्न साधा होता. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. का? उत्तर काय आलंय, तर ‘शेतकऱ्यांनी योग्य सुरक्षा साधनांचा वापर न केल्यामुळे सदर दुर्दैवी घटना घडली.’ पहिल्या बाकावर हेच, शेवटच्या बाकावरही हेच. एका शहाण्यानं तर खालचं ‘अधिक वाचा’ही सुवाच्य अक्षरात उतरवलंय. अधिक वाचलं मात्र नाही.

पोट्टेहो, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पऱ्हाटी आहे. काहींचे वडील दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारायला जातात. एकानं तरी घरी विचारलं, की बाबा, त्या साली नेमकं काय झालं होतं? बाबा ओट्यावर बसलेले, तुम्ही आत खाटेवर, आणि विचारलं कोणाला, तर फोनला.

मास्क घातला नाही म्हणता. का घातला नाही? पाठीवर भरलेला पंप घ्या, तोंड बांधा आणि भर दुपारी दमट उकाड्यात तासभर तासातून चालून दाखवा, मग बोलू. त्या वर्षी पऱ्हाटी कित्येक ठिकाणी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. म्हणजे फवारा पायाशी नाही, तोंडाशी. हे एकाही वहीत नाही. बरं, एवढं औषध मारावं का लागलं? रस शोषणाऱ्या किडी होत्या, वर गुलाबी बोंडअळी. बोंडअळी मरावी म्हणूनच तर २००२ मध्ये बीटी कापूस आला होता ना? मग ती परत कशी आली? कारण वर्षानुवर्षं तेच खाऊन तिला ते पचायला लागलं. एका औषधानं कीड हटेना म्हणून लोकांनी दोन-तीन औषधं एकत्र केली. एकत्र करायला सांगितलं कोणी? बऱ्याचदा कृषी केंद्राच्या काउंटरवरून सांगितलं गेलं. मग ज्या कृषी अधिकाऱ्यानं सांगायला हवं होतं, तो शेवटचा वावरात कधी दिसला होता?

ॲसिटिलकोलीन परीक्षेत घोकून लिहिता. फवारणीची कितीतरी औषधं नसांच्या त्याच यंत्रणेवर घाव घालतात, आणि नस किड्याची आहे की माणसाची, ते बघत नाहीत. हे कोणाला सुचलं? नाही. फोननं सांगितलं नव्हतं ना.

तिसऱ्या ‘का’पाशी फोनमधला परिच्छेद संपतो. तिथून पुढे आपलं डोकं लावायचं असतं. अडायचं, चिडायचं, रात्री झोपताना तोच प्रश्न पुन्हा आठवायचा. नेमकं तिथे तुम्ही रील उघडता. अंगठा वर सरकला की डोक्यातला प्रश्न गेला.

आणि जे वाक्य उतरवलंत, ते कोणाच्या सोयीचं आहे, हा विचार केला? औषध बनवणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या, खुर्चीवर बसणाऱ्याच्या. चूक मरणाऱ्याची, बाकी सगळे मोकळे! फवाऱ्याखाली उभ्या राहणाऱ्या स्वतःच्या बापाला तुम्ही दोषी ठरवलंत आणि खाली सही ठोकलीत. याला मी आळस म्हणत नाही. याला कठोर शब्द आहे, तो वर्गात वापरता येत नाही.

पुसद तालुक्यातल्या बांसीच्या ग्रामसभेनं २०२२ च्या नोव्हेंबरात अठराखालच्या मुलांना मोबाइल बंद करायचा ठराव केला, तेव्हा कितीजण हसले असतील. मलाही तो ठराव पटत नाही. फोन काढून घेतल्यानं रिकामं डोकं भरत नाही, आणि अठरा पूर्ण झालेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. पण त्या गावाला निदान काहीतरी बिघडलंय हे दिसलं. तुम्हाला तेही दिसत नाही. निकोलस कार नावाच्या लेखकानं २०१० मध्ये इंटरनेटमुळे विचार कसा उथळ होतो, याच विषयावर ‘द शॅलोज’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. नाव सांगितलं खरं, पण तुम्ही त्याचाही दोन मिनिटांचा व्हिडिओ शोधाल, तोही दुप्पट वेगानं.

सोमवारपर्यंत पुन्हा लिहायचं. घरी जा, औषधाचा डबा हात न लावता बघा, नसेल तर कृषी केंद्रात जाऊन बघा. त्यावर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा की हिरवा, ते लिहा. लाल सगळ्यांत जहाल. बारीक अक्षरातली सूचना वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात, ते त्यांच्याच बोलीत उतरवा. त्यांनी शिव्या घातल्या तर त्याही लिहा. शेजारी फवारायला कोण जातं, किती रोज मिळतो, तोंडात खर्रा टाकण्याआधी हात कुठे धुतात, तेही विचारा. मग लिहा, ‘का’. उत्तर अर्धवट राहिलं तर मी मार्क देईन. दोन वह्यांत सारखं आलं तर दोन्ही फाडीन.

आणि ‘सर, किती ओळी लिहायच्या?’ असं कोणीही विचारायचं नाही.