बेत कुणासाठी, मोकळीक कुणाच्या जिवावर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर प्रसाद वाटताना एक प्रश्न निघाला. एका ताईंनी विचारलं, "सगळा भार सद्गुरूंवर टाकला असं आपण म्हणतो, मग उद्याचा बेत आज करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही का?" एक काका लगेच म्हणाले, "मग गाडीचं रिझर्वेशन तरी कशाला करता? बसा की जनरलमध्ये नाम घेत!" सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. माझ्या मनातून मात्र गेला नाही. कारण हाच प्रश्न मागच्या डिसेंबरात आमच्या घरात भांडण होऊन आला होता. घरचीच गोष्ट सांगतो. चूक माझीही आहे, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. धाकट्या भावाने सुचवलं, की सगळ्यांनी मिळून मुंबई-गोवा क्रूझला जाऊ. अण्णांचा सारा जन्म लष्करात गेला, दौलतगंज ते बाडा. मुंबईला एकदाच गेले, तेही लग्नाला, आणि दादरहूनच परत आले. समुद्र त्यांनी डोळे भरून कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा सहल त्यांच्यासाठी, हे सगळ्यांना मान्य.

मी पडलो हिशोबी माणूस. पंजाब मेलची तिकिटं खिडकी उघडली त्याच दिवशी काढली. जहाजाचा तीन रात्रींचा तक्ता केला. कितीला उठायचं, नाश्ता केव्हा, मुलं तलावात केव्हा, जादूचे प्रयोग केव्हा, गोव्यात उतरून काय बघायचं, सगळं तासावर बसवलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. भाऊ म्हणाला, "दादा, सुट्टीला चाललोय की ऑडिटला? ठरवून ठेवलं की मजा जाते. तिथं गेल्यावर बघू. महाराज आहेत की!"

आता काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदरात लागलं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आणि आमच्या सौ. जहाजावरच थांबल्या. आम्ही बाकीचे उतरलो. तक्त्याप्रमाणे जवळपास फिरून जेवायला परत यायचं होतं. भावाच्या एकदम मनात आलं, की इतक्या लांब आलोय तर मंगेशीचं दर्शन घेऊन येऊ. त्याने टॅक्सी केली, मुलांना घेतलं आणि निघाला. दर्शनच तर होतं, त्याला नाही कसं म्हणायचं? पण आईच्या इन्शुलिनची पिशवी त्याच्याच पाठीवरच्या बॅगेत होती. आई एक वाजल्यापासून ताटकळत बसली. जहाजावर डॉक्टर होते, सौ. म्हणाल्या दाखवू या, तर आई म्हणे, "आत्ता येईल तो. पोराला उगाच बोल लागेल." फोन केला की तिकडून उत्तर एकच, "पोचतोच आहे." साडेतीनला तो आला. परतीची शेवटची वेळ व्हायला थोडाच अवकाश होता. जहाज कुणासाठी थांबत नाही, मग तुम्ही देवळातून येत असा नाहीतर बाजारातून. देवाच्या कृपेने आईला काही झालं नाही. पण त्या अडीच तासांत माझ्या सौ.च्या जिवाचं काय झालं असेल, ते तिलाच ठाऊक.

हे सांगून मी भावाला दोषी ठरवतोय असं वाटेल. पण तिसऱ्या दिवशीचं ऐका. त्या दिवशी जहाज दिवसभर पाण्यातच होतं. संध्याकाळी अण्णा डेकवर कठड्याला धरून उभे. सूर्य खाली यायला लागला होता. मी घड्याळ बघत गेलो आणि म्हणालो, "अण्णा, चला, सहाचा जादूचा खेळ आहे. जागा धरून ठेवल्यात." अण्णांनी माझ्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे बघितलं आणि काही न बोलता माझ्यामागे आले. लष्करात परत आल्यावर शेजारच्यांनी विचारलं, "काय अण्णा, समुद्र कसा होता?" अण्णा म्हणाले, "जादूचा खेळ छान होता. समुद्र बघायचा राहिला थोडा."

ज्यांच्यासाठी सहल, त्यांचा समुद्र बघायचा राहिला. तक्ता मात्र शंभर टक्के पार पडला होता.

परतीच्या गाडीत आम्ही दोघे भाऊ भांडलो होतो ते आईच्या औषधावरून. तो म्हणत होता तुझा तक्ता जाचक, मी म्हणत होतो तुझी लहर घातक. तेवढ्यात सौ. म्हणाली, "तुमचं चालू द्या. पण तीन दिवसांत मी डेकवर किती वेळा गेले, ते दोघांपैकी कुणी मोजलं का? एकदा. तेही धाकटीला शोधायला." एकादशीचा उपासाचा डबा तिने बांधला होता. सगळ्यांच्या गोळ्या तिने भरल्या होत्या. मुलांचे ओले कपडे, आईचं पथ्य, सगळं तिच्याकडे. माझ्या तक्त्यात तिच्या नावाचा एकही रकाना नव्हता. भावाच्या मोकळेपणातही तिला जागा नव्हती.

तिथं आमचं भांडण थांबलं. बेत करावा की उत्स्फूर्त राहावं, हा प्रश्नच आम्ही चुकीचा मांडला होता. खरा प्रश्न असा, की *माझा बेत कुणासाठी आहे, आणि माझी मोकळीक कुणाच्या जिवावर आहे?*

आपल्या लष्करशी नातं असलेले दोन जुने प्रवास आठवतात.

पहिला विष्णुभट गोडसे यांचा. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. आपल्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं, तेव्हा 1857 मध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बेत अगदी सरळ होता. जायचं, दक्षिणा मिळवायची, परत येऊन कर्ज फेडायचं. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, जीव कसाबसा वाचला. मिळालेला पैसा हातात राहिला नाही. पण परत आले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. ही हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ती 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापली.

यात बेत तर पार मोडला. पण ज्या कारणासाठी घर सोडलं, घरच्यांचं भलं व्हावं, ते कारण मोडलं नाही. त्याने नुसतं रूप बदललं. दक्षिणेच्या जागी गंगा आली. बेत मोडला, संकल्प टिकला.

दुसरा प्रवास हैबतबाबांचा. हे आरफळचे, शिंद्यांच्या फौजेतले सरदार. परंपरा सांगते, की रजा घेऊन गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना धरलं. तिथं कैदेत त्यांनी हरिपाठाचा ध्यास घेतला आणि सुटका झाल्यावर गावी न राहता ते आळंदीला माउलींच्या पायाशी राहिले. म्हणजे त्यांचाही घरी जायचा बेत मोडलाच. पण पुढे त्यांनी काय केलं? "आता सगळं माउलीवर, वाटेल तेव्हा वाटेल तसं चालू" असं म्हटलं का? उलट फौजेत शिकलेली शिस्त त्यांनी पालखी सोहळ्याला लावली. आज माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे मुक्काम ठरलेले. रथापुढच्या आणि मागच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व ठरलेले. भजनाचा क्रमसुद्धा ठरलेला. लाखो माणसं चालतात. प्रत्येकजण आपल्या लहरीने चालला तर म्हातारी माणसं आणि लेकरं पायाखाली येतील. म्हणून ही शिस्त. शिस्त ही दुसऱ्यावरची माया आहे.

आणि एवढं सगळं ठरवून पंढरपुरात पोचल्यावर काय? आषाढीच्या गर्दीत कित्येकांना गाभाऱ्यात जायलाच मिळत नाही. ते बाहेरून कळसाला हात जोडतात आणि आनंदाने घरी फिरतात. वारी फुकट गेली असं कुणी म्हणत नाही. चालण्याची वेळ ठरलेली, पण दर्शन कसं मिळेल ते ठरवून ठेवलेलं नाही. हे जमणं फार अवघड आहे. आपण नेमकं उलटं करतो. चालायच्या वेळी लहर, आणि फळाच्या वेळी हट्ट.

घरच्या पूजेतही हेच आहे, आपलं लक्ष नसतं एवढंच. गुरुजी संकल्प सोडायला सांगतात तेव्हा देश, काल, तिथी, वार, नक्षत्र, गोत्र, सगळं नेमकं उच्चारतात. इतकं काटेकोर नियोजन दुसरीकडे सापडायचं नाही. पण त्याच संकल्पात पुढे म्हणतात, की माझ्या शक्तीप्रमाणे, माझ्या ज्ञानाप्रमाणे, जे साहित्य मिळालं त्याने मी ही पूजा करतो. फुलं कमी पडली, दूध फाटलं, तरी पूजा अडत नाही. अक्षता आहेतच. आणि हातावरून पाणी सोडायचं. मूठ आवळून संकल्प सोडता येत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. भार सद्गुरूंवर टाकला, मग बेत कशाला?

मला उमगलं ते असं. भार टाकायचा तो फळाचा, काळजीचा, "माझ्याच मनासारखं व्हावं" या हट्टाचा. कामाचा भार टाकायला गुरूंनी कधी सांगितलेलं नाही. आपण काम टाकतो ना, तेव्हा ते गुरूंकडे जातच नाही. ते घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतं. आम्ही दोघे भाऊ "महाराज बघून घेतील" म्हणायचो, आणि बघावं लागायचं सौ.ला. ही शरणागती नव्हे. हा आळस आहे, फक्त त्याला गंध लावलंय.

आणि माझ्यासारख्या तक्तेवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी एक खूण आहे. बेत मोडला की आपण कुणाकडे बघतो? घड्याळाकडे बघून चिडलो, तर तो बेत आपल्या अहंकाराचा होता. माणसाकडे बघून "आता यांना काय हवंय" असं विचारलं, तर तो बेत सेवेचा होता. डेकवर मी अण्णांच्या चेहऱ्याकडे क्षणभर जरी नीट बघितलं असतं, तरी दोन रिकाम्या खुर्च्यांचं मला काही वाटलं नसतं.

म्हणून मला वाटतं, औषध, तिकीट, जेवणवेळ, परतीची वेळ, म्हणजे ज्यात दुसऱ्याचा जीव अडकलाय, ते सगळं ठरवावं आणि पाळावं. मग मंगेशीची इच्छा झाली तरी आधी पिशवी आईकडे द्यावी. आणि जो वेळ आपला एकट्याचा आहे, आपली मजा, आपलं बघणं-फिरणं, तो सैल ठेवावा. कुणी समुद्राकडे बघत उभं राहिलं तर राहू द्यावं. लहर यायलाच हवी, पण तिची किंमत ज्याची लहर त्यानेच द्यावी.

आपलं लष्करसुद्धा आधी आखून वसवलेलं शहर नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली, तंबूंच्या जागी वाडे झाले, बाजार भरला, आणि छावणीचंच नाव शहराला राहिलं. उद्या उठून पुढे जायच्या तयारीने आलेली माणसं इथं दोनशे वर्षं राहिली. आपले बेत असेच असतात. तंबू नीट ठोकायचा, दोर तपासायचे. पुढे तो हलेल की त्याचा वाडा होईल, ते त्याच्या हाती.

आमच्या घरात आता एक ठरलंय. येत्या थंडीत अण्णांना परत समुद्रावर न्यायचं. या वेळी जहाज नाही, कोकणातलं एखादं साधं गाव. तक्ता मीच करणार आहे, पण त्यात औषधं, गाड्या आणि जेवणं एवढंच. संध्याकाळचे रकाने कोरे. डबे आणि औषधांच्या पिशव्या भाऊ सांभाळणार आहे, त्यानेच मागून घेतलंय. आणि सौ.ला फक्त बरोबर यायचंय.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास:* घरात पुढचं जे काही ठरतंय, लग्न, मुंज, सहल किंवा नुसतं रविवारचं जेवण, त्याबद्दल रात्रीच्या नामस्मरणानंतर सगळ्यांनी बसून दोनच प्रश्न विचारावेत. यात कुणाचं काम कुणाच्याच लक्षात आलेलं नाही? आणि यात कुणाचा 'समुद्र' बघायचा राहतोय? उत्तर घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडून आधी घ्यावं.

आपले अनुभव गुरुवारी आरतीनंतर जरूर सांगा. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरही हे वाचून दाखवा. ज्येष्ठांना फोनवर बारीक अक्षर दिसत नाही.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏