खाऊ न घालण्याची भूतदया

२००७ च्या एप्रिलमधल्या एका दुपारी शिकागोच्या ऐन मध्यवस्तीत एक कायोटी सँडविचच्या दुकानात शिरला. दार उघडंच होतं. कुणाच्या अंगावर न जाता तो सरळ थंड पेयांच्या उघड्या कपाटात चढला आणि सरबताच्या बाटल्यांवर अंग मुडपून बसून राहिला. लोकांनी फोटो काढले, पालिकेची माणसं आली, त्याला धरून घेऊन गेली. बातमी जगभर झाली. रानातलं जनावर शहरात शिरलं, असा तिचा सूर होता.

खरं तर तेव्हा शिकागोत कायोटी नवे राहिलेच नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन गेर्ट हे संशोधक २००० सालापासून तिथे त्यांच्या मागावर होते. कायोटी पकडायचा, खुणेची पट्टी लावायची, रेडिओचा पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायचा, असं करता करता पुढे हा आकडा हजारावर गेला. सुरुवातीला चार-दोन भरकटलेले प्राणी सापडतील असं वाटलं होतं. सापडली ती शहरात पिढ्यान् पिढ्या नांदणारी कुटुंबं. रेल्वेच्या कडेची झुडपं, कब्रस्तानं, गोल्फची मैदानं, घरांच्या मागची परसं अशा ठिकाणी ती राहतात. दिवसा दडून असतात, रात्री रहदारी ओसरली की रस्ते ओलांडतात. ओलांडताना पुष्कळ मरतात. शिकागोतल्या कायोटीचा सर्वांत मोठा वैरी मोटारगाडी आहे.

आपल्या कोल्ह्याहून हा प्राणी अंमळ मोठा, लांडग्याहून बराच लहान. वजन पंधरा किलोंच्या आसपास. मूळचा तो अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतला. वसाहतवाल्यांनी बंदुकीने आणि विषाने लांडगे जवळपास संपवले, जंगलं तोडून शेतं केली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कायोटी शिरला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. आमच्या परसात घुसला अशी तक्रार करणाऱ्यांनी त्याला आवतण कुणी धाडलं, हेही एकदा पाहावं.

तो खातो काय? शिकागो परिसरात विष्ठेचे १,४२९ नमुने तपासले गेले. सुमारे ४२ टक्के नमुन्यांत उंदरांच्या जातीचे लहान प्राणी निघाले, २३ टक्क्यांत फळं, २२ टक्क्यांत हरीण, १८ टक्क्यांत ससे. मांजर जेमतेम एका टक्क्यात, माणसाचं अन्न दोन टक्क्यांच्या आसपास. लॉस एंजेलिसचं चित्र वेगळं आहे. तिथल्या दाट वस्तीतल्या कायोटींच्या पोटात बागेतली फळं, उष्टं-खरकटं आणि मांजरं पुष्कळ जास्त सापडली. प्राणी एकच, पण आपण जे बाहेर ठेवू ते तो खातो.

इथे आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न येतो. भुकेल्याला घास घालणं हे पुण्य, असं आपल्या हाडीमांसी मुरलेलं आहे. काकबळी, गोग्रास, मुंग्यांना साखर, पारव्यांना दाणे. अमेरिकेत एडिसनला किंवा नेपरव्हिलला मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी शिळी पोळी कचऱ्यात टाकताना कचरतात आणि कुस्करून मागच्या अंगणात ठेवतात. पाखरं खातील, खारी खातील. खारी येतात, त्यांच्या मागून उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागून रात्री कोण येतं ते आजींना दिसत नाही. पोळी ठेवणाऱ्याच्या मनात पाप नसतं, म्हणून तर ही सवय मोडायला कठीण. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला, आठवून पाहा.

कायोटीच्या बाबतीत या दयेचा हिशोब उपलब्ध आहे. १९६० ते २००६ या काळात अमेरिका आणि कॅनडात माणसांवर झालेल्या हल्ल्यांच्या १४२ घटना गेर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. जखमी झाले १५९ जण. सुमारे तीस टक्के घटनांत जवळपास कुणीतरी कायोटींना खाऊ घालत होतं. शेहेचाळीस वर्षांत दीडशेच्या आसपास घटना म्हणजे फार नव्हे. त्याच अमेरिकेत पाळीव-बिनपाळीव कुत्री दर वर्षी सुमारे ४५ लाख लोकांना चावतात. पण या दीडशेतला मोठा वाटा टाळता येण्यासारखा होता, ही गोष्ट टोचणारी आहे. माणसाकडे पाहिलं की घास मिळतो हे शिकलेला कायोटी पुढे घास मागायला येतो, मिळाला नाही तर हिसकावतो, आणि मग त्याला गोळी घातली जाते. घास घालणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. मला या व्यवहारात सर्वांत अन्याय्य वाटतो तो हा भाग.

घास घालणाऱ्यांसमोर दुसरा एक गट उभा असतो. तो म्हणतो, पकडा आणि लांब नेऊन सोडा. ऐकायला हे सुसंस्कृत वाटतं. मारायचंही नाही आणि आपल्या डोळ्यांसमोरही नको. पण नेऊन सोडलेला कायोटी तिथे टिकत नाही. परकी हद्द, तिथले मूळ रहिवासी कायोटी, मधले हमरस्ते यांत बहुतेक मरतात, आणि इकडे रिकामी झालेली हद्द दुसरी जोडी काही आठवड्यांत धरते. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय असं हलवणं बेकायदा आहे. जुन्नरकरांना हे सांगायला नको. २००१ नंतर तिथल्या उसातले बिबटे धरून धरून दूर सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार या हलवाहलवीनंतर त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. आपली ब्याद शेजारच्या गावाच्या गळ्यात बांधणं याला दया म्हणता येणार नाही.

मारून टाकणं? तेही करून झालं आहे, अजून चालू आहे. अमेरिकेचं केंद्रीय खातं दर वर्षी पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारतं. खासगी शिकारी वेगळे. तरी प्राणी कमी झाला नाही. कळपातली मुख्य जोडी मेली की एरवी वीण न देणाऱ्या माद्याही वितात, आणि खाणारी तोंडं कमी झाल्यामुळे पिल्लं जास्त जगतात.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता पुढे गेलो तर हा स्तंभ गोडबोला ठरेल. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये घरापुढे खेळणारी तीन वर्षांची मुलगी कायोटीच्या हल्ल्यात गेली. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या राष्ट्रीय उद्यानात टेलर मिचेल ही १९ वर्षांची गायिका एकटी फिरायला गेली असताना कायोटींच्या टोळीने तिचा जीव घेतला. नोंदलेले मृत्यू हे दोनच. पण ज्या घरात तो घडला त्या घराला सरासरी सांगणं हा निर्दयपणा आहे. टेलरच्या आईने तेव्हा जाहीर केलं होतं की त्या प्राण्यांना मारावं हे मुलीला आवडलं नसतं. हा अधिकार फक्त त्या आईचा. लांब बसून वन्यप्राण्यांवर माया करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी तो तिच्या तोंडून उसना घेऊ नये. आणि कायोटीवरून घेतलेले धडे बिबट्याला सरसकट लावू नयेत. उसात कोयता घेऊन वाकलेल्या मजुराची जोखीम आणि उपनगरात कुत्र्याला फिरवणाऱ्याची जोखीम एक नाही.

मग उरतं ते कंटाळवाणं काम. शिकागोतल्या ७४८ क्रमांकाच्या कायोटीचं उदाहरण मला फार आवडतं. २०१४ च्या वसंतात तो एकाएकी फिरायला आलेल्या कुत्र्यांच्या अंगावर जाऊ लागला. बिथरला, असं लोकांना वाटलं. संशोधकांनी माग काढला तेव्हा सोल्जर फील्ड स्टेडियमजवळच्या गाडीतळाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्याची पिल्लं निघाली. बाप राखण करत होता, इतकंच. कायोटी जोडी जमली की ती सहसा मरेपर्यंत टिकते, आणि पिल्लं दोघं मिळून वाढवतात. एप्रिल-मेमध्ये एखादा कायोटी अंतर राखून मागे मागे चालताना दिसला तर तो बहुधा तुम्हाला बिळापासून दूर पोचवायला निघालेला असतो. अशा वेळी काही आठवडे वाट बदलायची. एवढी वळसा घालण्याची तोशीस सोसायला हरकत नसावी.

एरवी मात्र त्याला परसात रेंगाळू द्यायचं नाही. उभं राहायचं, हात वर करायचे, ओरडायचं, पातेलं बडवायचं, डब्यात नाणी घालून खुळखुळवायची आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबायचं नाही. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. सोसायटीतल्या सभ्य माणसाला हे ओशाळवाणं वाटतं, अनेकांना क्रूरही वाटतं. पण माणसाचा धाक हीच शहरातल्या कायोटीची आयुष्यमर्यादा ठरवणारी गोष्ट आहे. खिडकीतून मोबाइल रोखून कौतुकाने व्हिडिओ काढणारा त्याचं जितकं नुकसान करतो, तितकं पातेलं बडवणारा करत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या, किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या वाचकांना म्हणून सांगतो. मांजर रात्री घरात घ्या. छोटं कुत्रं लांब सुटणाऱ्या दोरीवर नको, हातभर अंतराच्या पट्ट्यावर धरा, आणि कायोटी दिसला तर उचलून घ्या. झाडाखाली पडलेली फळं, पाखरांच्या दाण्यांचा सांडलेला सडा संध्याकाळच्या आत उचला. कचऱ्याचा डबा रात्रीऐवजी गाडी यायच्या सकाळी बाहेर ठेवा. आणि पोळ्या उरत असतील तर उद्यापासून दोन कमी लाटा.