दोन बारांमधला अवधी

सहा गोळ्या संपल्यावर सातवी किती लवकर भरता येईल, हा प्रश्न रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांना जवळजवळ दोन शतके सतावीत आला आहे. वरवर पाहता तो कारागिराचा प्रश्न आहे. लोखंड कुठे घासावे, कमान कुठे बसवावी, याच्याशी नीतिविचाराचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु माणूस आपल्या हत्याराला कशासाठी घाई करायला शिकवतो, हा प्रश्न कारागिराच्या भात्याजवळ सुटणारा नाही.

ठासणीच्या बंदुकीचा काळ आठवावा. एक बार काढला की नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, आणि मग पुन्हा नेम धरायचा. १८३६ साली सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत फिरत्या चक्राचे पेटंट घेतले आणि पाच-सहा बारांमधला हा खोळंबा नाहीसा केला. पण चक्र रिकामे झाले की खोळंबा पुन्हा हजर. मग १८७० च्या सुमारास स्मिथ आणि वेसन यांनी मधोमध मोडणारे रिव्हॉल्व्हर काढले. ते उघडले की साऱ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. १८८९ साली कोल्टच्या कारखान्याने बाजूला झुकणारे चक्र आणले. पुढे सहाही काडतुसे एका चकतीत धरून एका दमात घरांत सोडण्याची साधने आली. घरांच्या कडा उतरत्या करून देणारे कारीगर आले. काडतूस तेवढेही अडखळू नये, ही त्यामागची दृष्टी. १९९९ साली जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने सहा बार काढले, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरले आणि आणखी सहा बार काढले. या साऱ्याला मिळून त्याला २.९९ सेकंद लागले. हातांचे कसब म्हणून त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

तथापि या प्रगतीत एक वस्तू हरवत गेली. तिची नोंद कोणत्याही कारखान्याच्या वहीत सापडणार नाही. गज ठासताना जो वेळ जाई, त्या वेळात धूर विरे. समोर कोण पडले आहे ते दिसे. पळणारा पळून जाई. शेजारी उभा असलेला एखादा शहाणा माणूस हात धरी. संतापाचे आयुष्य फार थोडे असते. त्याला दम धरायला लावला तर तो बहुधा आपसूक विझतो. हत्यारातला तो अवधी कोणी शहाणपणाने मुद्दाम ठेवला नव्हता. तो लोखंडाचा दोषच होता. पण त्या दोषाच्या आश्रयाने विवेक पुष्कळ वर्षे जगला.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. १९७० साली कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार जवान काही मिनिटांत मारले गेले. त्यांतला एकजण रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरीत असताना गोळी लागून मेला. त्यानंतर त्या दलाने आपल्या माणसांना काडतुसे एकदम भरण्याची साधने दिली. त्या जवानाच्या घरच्यांपुढे उभे राहून दोन बारांमधल्या अवधीची थोरवी गाण्याचे धैर्य कोणाला होईल? त्या रात्री अवधीने विवेकाला जागा दिली नाही, मारेकऱ्याला दिली. तेव्हा हत्यार सावकाश चालावे असा सरसकट नियम करणे हे सुरक्षित खोलीत बसून केलेले तत्त्वज्ञान ठरेल.

म्हणून धोका आणि भय यांत फरक केला पाहिजे. धोक्याला माप असते. दोन माणसे, चार हत्यारे, वीस पावलांचे अंतर, असा त्याचा हिशेब मांडता येतो आणि त्याप्रमाणे तयारी करता येते. भयाला माप नाही. ज्याच्या घरी चोर कधी आला नाही, तो आधी कडी लावतो, मग कुलूप, मग अडसर, मग खिडकीला गज. त्यानंतर उशाखाली रिव्हॉल्व्हर येते. आणि एके रात्री त्याला वाटू लागते, सहा गोळ्या पुरल्या नाहीत तर? ते लवकर भरण्याची सोय त्याने करून घेतली, म्हणून त्याला झोप लागेल असे नाही. भय सातव्या गोळीपाशी थांबले असते, तर ते पहिल्या कुलपापाशीच थांबले असते.

कुलपाचा विषय निघाला की महाराष्ट्रात शनिशिंगणापूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. नेवासे तालुक्यातल्या या गावी घरांना चौकट असावी पण कवाड नसावे, अशी रीत पडली. कुत्रीमांजरे आत शिरू नयेत म्हणून कोणी एखादी फळी टेकवून ठेवील, एवढेच. खुद्द देवालाही दार नाही. साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस सोशीत उभी आहे. हे ऐकून भाविकाचा ऊर भरून येतो आणि चिकित्सकाच्या ओठांवर हसू येते. चिकित्सकाचेही काही चुकत नाही. इथे चोरी करणाऱ्याचे डोळे जातात अशी श्रद्धा आहे. म्हणजे कुलूप काढून त्याच्या जागी देवाचा कोप बसवला, असे तो म्हणणार. शिवाय २०१० साली एका यात्रेकरूने गाडीतला ऐवज गेल्याची तक्रार नोंदवली. २०११ साली युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली, तिच्या काचेच्या दाराला दिसणार नाही असे विजेचे बंधन होतेच. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. तेव्हा माणूस स्वभावतःच प्रामाणिक आहे, याचा पुरावा म्हणून हे गाव पुढे करता येणार नाही.

परंतु गावाने राखणदार म्हणून कोणाला नेमले आहे, ते पाहण्यासारखे आहे. शनैश्चर या नावाचा अर्थच मुळी हळूहळू चालणारा. एका राशीतून जायला त्याला अडीच वर्षे लागतात, सूर्याभोवती एक फेरी करायला साडेएकोणतीस. साडेसातीला लोक भितात खरे, पण तीही साडेसात वर्षांची असते. दार उघडे टाकून झोपणारा गावकरी शिक्षा नावाची वस्तू अशा न्यायाधीशाच्या हवाली करतो, ज्याला मुळीच घाई नाही. त्याचा देव खरा की कल्पित, हा वाद बाजूला ठेवला तरी त्या श्रद्धेचा परिणाम खरा असतो. अंधारात पाऊल वाजले म्हणून चाप ओढण्याची जबाबदारी त्याच्या हातावर उरत नाही. आलेला माणूस चोर नसून वाट चुकलेला वाटसरू निघाला, तर तो सकाळी जिवंत असतो. आणि चोरच निघाला, तर नेलेली वस्तू गुपचूप आणून ठेवायला त्याला पुष्कळ रात्री मिळतात.

ज्या हत्यारात अवधी उरलेलाच नाही, त्याच्यासमोर काय करावे? याचे एक उत्तर आपल्याच मुंबईत २००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मिळाले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती, आणि समोर कसाबच्या हातात न थांबता गोळ्या ओकणारी रायफल. ओंबळ्यांनी त्या रायफलीची नळीच धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. तेवढ्यात बाकीच्यांनी त्या माणसाला जिवंत पकडले. पुढे खटला चालला, अपिले झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, आणि चार वर्षांनी, २०१२ साली, शिक्षा अंमलात आली. पुष्कळांना तो काळ असह्य वाटला. पण हा कट कुठे शिजला, कोणी शिजवला, हे जगापुढे मांडता आले ते त्या जिवंत आरोपीमुळे आणि त्या सावकाश चाललेल्या न्यायामुळे. लोखंडातून नाहीसा झालेला अवधी एका माणसाने आपल्या देहाने पुन्हा निर्माण केला होता. त्याची किंमत त्याने प्राणांनी मोजली. असा अवधी इतका महाग पडावा, हे काही भूषण नव्हे.

धोक्याशी ज्याची रोज गाठ पडते, त्या शिपायाला लवकर भरणारे हत्यार जरूर द्यावे, आणि प्रत्येक गोळीचा हिशेबही त्याच्याकडून घ्यावा. घरी निजणाऱ्या माणसाला असा हिशेब विचारणारे त्या क्षणी कोणी नसते. तेव्हा उशाखालच्या हत्याराला वेग देण्याआधी त्याने स्वतःलाच विचारावे: माझी चूक होत असेल, तर ती उमगायला मला वेळ उरेल का?