लॅब्राडूडल, आणि एक खोटं

वॉली कॉन्रन ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होता. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्याला हवाईहून एका अंध बाईंची विनंती आली. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉन्रनने तब्बल 33 पूडल तपासले. एकही या कामाचा निघाला नाही. मग त्याने लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर त्या नवऱ्याला एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान.

खरी अडचण पुढे आली. पिल्लं आधी कुटुंबांत वाढवावी लागतात, आणि यादीत ताटकळलेल्या लोकांनाही मिश्र जातीचं पिल्लू नको होतं. कॉन्रनने जाहीर केलं, ‘लॅब्राडूडल’ ही नवी जात आली आहे. फोन खणखणू लागले. कुत्रं तेच, फक्त ‘मिश्र’ हा शब्द गेला.

मला यात आधी काहीच गैर वाटलं नव्हतं. उलट त्या नावात तर दोन्ही आईबाप ऐकू येतात! लपवलेलं काय? पण नाव कॉन्रनच्या हातात राहिलं नाही. ब्रीडरांनी ते घेतलं, आणि ‘ॲलर्जी होत नाही’ ही हमी त्याला जणू आपोआप चिकटली. तिनातलं एकच पास झालं होतं, हे नावात कुठे दिसतं? म्हातारपणी कॉन्रनने उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

हे सगळं मी वाचत बसलो, त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू सापडलं. ‘गावठी पिल्लू, घर हवंय’ असा मेसेज टाकला, आठवडाभर कोणी विचारलं नाही. मग फोटो तोच ठेवून ‘लॅब मिक्स’ लिहिलं. त्याचा बाप कोण, मला काय माहीत? दोन दिवसांत घर मिळालं. कॉन्रनचं नाव निदान खरं होतं.

आता त्याचे कान ताठ उभे राहिलेत, शेपटी पाठीवर वळली आहे. काल त्या काकूंनी फोटो पाठवला. गादीवर पसरलाय. खाली लिहिलंय, “लॅबचे कान असे असतात का रे?”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिक्स मात्र त्यांना दिसल्या असणार.