कुठलं मलठण?

महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव. गट नंबरची पाळी त्यानंतर. घाईत असलेल्या माणसाला हा क्रम म्हणजे सरकारी खोडा वाटतो. पण पुणे जिल्ह्यात मलठण दोन आहेत, एक शिरूर तालुक्यात आणि एक दौंड तालुक्यात. दौंडमध्ये आलेगाव आहे, तर शिरूरमध्ये आलेगाव पागा. खुद्द शिरूर हे नाव राज्यातल्या तीन तालुक्यांनी घेतलं आहे. बीडमधल्या तालुक्याला शिरूर कासार म्हणतात, लातूरमधल्याला शिरूर अनंतपाळ. पुण्यातल्या शिरूरची ओळख पटवायला जुनी माणसं आजही घोडनदी म्हणतात. गावाचं नाव मलठणच राहिलं आणि वेगळेपणाचा भार तालुक्याने उचलला, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. प्रत्येक गावाला जगात एकमेव ठरेल असं लांबलचक नाव देण्यापेक्षा ती कितीतरी सुटसुटीत आहे.

संगणकाच्या खुल्या लायब्रऱ्यांमध्ये नेमका हाच प्रश्न रोज पडतो. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या फंक्शनांचा साठा. तो कुणीही वापरावा, त्यात कुणीही भर घालावी. नवं फंक्शन लिहिणं एकवेळ सोपं असतं, पण त्याला नाव काय द्यायचं आणि ते कुठल्या विभागात ठेवायचं यावर आठवडेच्या आठवडे वाद चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकडा काथ्याकूट वाटतो. मला तसं वाटत नाही. फंक्शनच्या आतला कोड उद्या बदलता येतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाव मात्र त्याच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये जाऊन बसतं. म्हणून नावावर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा नाही, शोधणाऱ्याचा आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाचं काम समोर आहे. त्यांनी मराठीसाठी उघडपणे वापरता येतील असे संच तयार केले. भावना ओळखण्यासाठी महासेंट 2021 मध्ये आला. पाठोपाठ 2022 मध्ये नावं ओळखण्यासाठी 25,000 वाक्यांचा महाएनईआर आणि द्वेषपूर्ण मजकुरासाठी महाहेट आले. पुढे ही साधनं महाएनएलपी नावाच्या पायथॉन लायब्ररीत एकत्र आली. ‘महा’ हे आडनावासारखं सगळ्यांना लावल्यामुळे घराणं लगेच कळतं, आणि उरलेलं अर्धं नाव काम सांगतं. ही पद्धत मला आवडते.

आता समजा, अशा एखाद्या मराठी लायब्ररीत गावांच्या नावांसाठी नवं फंक्शन घालायचं आहे. बातमीत आलेलं गाव कुठलं ते त्याने सांगावं, एवढीच अपेक्षा. शिरूर आणि दौंड हे दोनच तालुके चाचणीला घेतले तरी लिहिणाऱ्याला घाम फुटेल. तळेगाव ढमढेरे घ्या. यंत्र पहिल्या शब्दाला गाव म्हणेल आणि दुसऱ्याला माणूस, कारण ढमढेरे हे आडनावही आहे. पिंपळे जगताप आणि पिंपळे धुमाळ यांची तीच गत. कवठे यमाई, कान्हूर मेसाई, रांजणगाव गणपती इथे गावामागे देव उभे आहेत. देऊळगाव राजे आणि देऊळगाव गाडा, बोरी पार्धी आणि बोरी भडक ही दौंडमधली गावं मागचा शब्द गाळला की एकमेकांत मिसळून जातात.

शिवाय विभक्ती आहे. पाट्यांवर ‘शिरुर’ दिसतं, प्रमाण लेखनात ‘शिरूर’. तेव्हा पहिल्याचं दुसरं करून टाकू, असं उत्साही मुलाला वाटणारच. पण नियमानेच ‘शिरूर’चं ‘शिरुरात’ होतं, ‘शिक्रापूर’चं ‘शिक्रापुरात’. सरसकट दुरुस्ती केली की बरोबर लिहिलेलं चुकीचं होऊन बसतं. शिरूरमधल्या न्हावऱ्याची गोष्ट तर आणखी गमतीची. युनिकोडच्या हिशेबात ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि खाली नुक्ता असंही सोडवता येतं. हिंदी-उर्दूचे नुक्ते काढून टाकणारं एखादं फंक्शन मराठी मजकुरावर चालवलं, आणि त्याने आधी अक्षरं सुटी करून मग नुक्ते उडवले, की ‘न्हावऱ्याला’ची ‘न्हावर्याला’ अशी वाट लागते. अशा फंक्शनचं नाव बहुतेक वेळा ‘क्लीन’ असतं. काय साफ झालं, काय वाहून गेलं, ते या नावातून कळत नाही. त्याऐवजी ‘नुक्ता काढा’ असं सरळ नाव असतं, तर मराठी मजकूर हाताशी असलेला माणूस क्षणभर थबकला असता.

म्हणजे जे एक फंक्शन वाटत होतं ती निदान तीन कामं निघाली. लेखनातले भेद एकत्र आणणं हे पहिलं, मजकुरात गावाचं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते ठरवणं हे दुसरं, आणि ते नाव एका ठरावीक गावाशी जोडणं हे तिसरं. पहिल्याची जागा मजकूर तयार करण्याच्या विभागात आहे, दुसऱ्याची नावं ओळखण्याच्या. तिसरं फंक्शन या दोन्हींत बसत नाही, कारण त्याला गावांची यादी लागते, आणि 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला दिलेला सहा अंकी संकेतांकही लागतो. मलठण असं नुसतं विचारलं तर त्याने दोन उत्तरं द्यायला हवीत. एकच उत्तर ठोकून देणारं फंक्शन कितीही वेगवान असलं तरी मी ते लायब्ररीत घेऊ देणार नाही. नाव देता देता असा कामाचा गुंता सुटतो. नाव सुचत नसेल तर बहुतेक वेळा शब्द कमी पडलेले नसतात, फंक्शनची आखणीच कच्ची असते.

मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब या मुक्त गणिती प्रणालीसाठी ऑप्टिमायझेशनची टूलबॉक्स केली, नाव शोधणाऱ्याच्या बाजूने का असावं हे कळायला तिच्या नावांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. तिच्यात पूर्णांकांचं रेषीय नियोजन सोडवणाऱ्या फंक्शनचं नाव होतं ‘सिम्फनी’. का, तर आतमध्ये सिम्फनी नावाचं इंजिन होतं. वर्गसमीकरणी उद्दिष्टाचं गणित सोडवणारं ‘क्यूपी-आयपॉप्ट’ होतं, कारण आत आयपॉप्ट होतं. मॅटलॅबच्या धर्तीवर माहिती द्यायची असेल तर शेवटी ‘मॅट’ जोडलेली जुळी भावंडं होती. ज्यांनी इंजिनं बसवली त्यांना ही नावं स्वाभाविकच वाटणार. पण ज्याला साखर कारखान्यांच्या ऊस वाहतुकीचं गणित मांडायचं आहे, त्याने सिम्फनी हा शब्द शोधावा तरी कशासाठी? पुढच्या आवृत्त्यांत तिथे ‘लिनप्रॉग’, ‘क्वाडप्रॉग’ अशी कामावरून पडलेली नावं आली आणि त्यांच्यापुढे टूलबॉक्सची ओळख सांगणारी ‘एफओटी’ ही अक्षरं लागली. यंत्रावरून कामाकडे झालेला हा प्रवास योग्य दिशेचा आहे. उद्या आतलं इंजिन बदललं तरी ‘क्वाडप्रॉग’ खोटं पडत नाही.

लिहिणाऱ्याची सोय नावात उतरली की काय होतं याचा याहून मासलेवाईक नमुना पीएचपी भाषेत सापडतो. तिच्यात काही नावं अंडरस्कोरने तोडलेली, काही सलग. एका फंक्शनला आधी मजकूर द्यायचा, दुसऱ्याला आधी शोधायचा शब्द. भाषेचा जनक रासमुस लेरडॉर्फ याने 2013 मध्ये सांगितलं की सुरुवातीच्या काळात फंक्शन शोधण्याची आतली पद्धत नावाच्या लांबीवर चालायची, म्हणून वेगवेगळ्या लांबीची नावं निवडली गेली. एका माणसाच्या खासगी साधनात हे चालून गेलं असतं. पण जगभरच्या संकेतस्थळांनी ते साधन उचललं आणि नावं कायमची चिकटली. एखाद्या मजकुरात अमुक शब्द आहे का, हे विचारणारं सरळ नावाचं फंक्शन त्या भाषेला 2020 मध्ये मिळालं. तोवर लोक शब्दाची जागा विचारायचे. शब्द अगदी सुरुवातीला असला की उत्तर शून्य येई, ढिल्या तुलनेत शून्याचा अर्थ ‘नाही’ असा होई, आणि मग डोक्याला हात.

विभाग पाडण्यातही अशीच एक सवय घात करते. कुठे ठेवावं कळेना की ‘इतर’मध्ये टाका. सायपाय या शास्त्रीय लायब्ररीत ‘मिस्क’ नावाचा विभाग होता. त्यात फॅक्टोरियल होतं, चित्र वाचण्याचं फंक्शन होतं आणि नमुन्यासाठी एका रकूनचा फोटोही होता. कालांतराने फॅक्टोरियल विशेष फलनांच्या विभागात गेलं, रकून नमुन्यांच्या नव्या विभागात गेला, आणि चित्र वाचण्याचं फंक्शन 2018 मध्ये काढूनच टाकलं. निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. जुन्या पुस्तकात, जुन्या व्हिडिओत पहिल्याच ओळीत ते फंक्शन असतं. वर्गात ती ओळ टाइप केली की लाल अक्षरांत चूक येते, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

यावर उपाय नवा नाही. इंग्रज अमदानीत दौंडचं स्पेलिंग ‘धोंड’ असं व्हायचं. 1878 मध्ये सुरू झालेला मनमाडचा फाटाही धोंड-मनमाड याच नावाने नोंदला गेला. गावाचं स्पेलिंग सुधारलं, तिकिटावरचा ‘डीडी’ हा संकेत मात्र तोच आहे. इंजिन न फिरवता मनमाडकडे जाता यावं म्हणून अलीकडे बाहेरून मार्ग काढला, तेव्हा त्यावरच्या स्थानकाला दौंड कॉर्ड लाईन हे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र संकेत मिळाला. जुन्या ‘दौंड’चा अर्थ गुपचूप बदलला नाही. लायब्ररीतही तेच करायचं. नाव बदलायचं तर जुनं नाव काही आवृत्त्या चालू ठेवून वापरणाऱ्याला इशारा द्यायचा. काम बदलायचं तर नावच नवं घ्यायचं. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची 2.0 ही आवृत्ती जून 2024 मध्ये आली. तिच्या मुख्य दालनातली सुमारे 100 नावं तेव्हा हलवली, काढली किंवा मोडीत काढायच्या यादीत टाकली. एकाच गुणाकाराला असलेल्या दोन नावांपैकी एक गेलं, पण त्याआधीच्या आवृत्तीतच त्याची सूचना मिळत होती.

फार कप्पे पाडण्याचीही मला भीती वाटते. जिल्हा, तालुका, गाव या तीन पायऱ्या पुरतात, कारण त्या लोकांच्या तोंडी आहेत. महसुलात मधे मंडळही असतं, पण आपलं गाव कुठल्या मंडळात येतं हे किती शेतकरी चटकन सांगतील? वापरणाऱ्याच्या डोक्यात नसलेली पायरी लायब्ररीत घातली तर ती फक्त घालणाऱ्यालाच सापडते.

आणि भाषेचं काय? पायथॉनने देवनागरीत नाव द्यायची मुभा तिसऱ्या आवृत्तीपासून दिली आहे. तरी लायब्ररीची नावं रोमनमध्ये असावीत, याला माझी हरकत नाही. ती बंगाली आणि तमिळ माणसालाही वाचता आली पाहिजेत. मात्र त्या रोमन लिपीत तालुका हा तालुकाच राहावा, गट हा गटच राहावा. त्यांना ओढूनताणून इंग्रजी प्रतिशब्द दिले तर सातबारा वाचणाऱ्या माणसाला ते फंक्शन सापडणार नाही, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्याची गरजच नसते.

शिरूर-दौंडकडची अनेक मुलं आज पुण्यात संगणकशास्त्र शिकतात. त्यांतली काही अशा लायब्रऱ्यांमध्ये कोड पाठवतातही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नावाच्या चर्चेत कोड न लिहिणाऱ्यांनाही ओढा. बोरी भडक आणि बोरी पार्धी यांतला फरक ज्याला रोज सांभाळावा लागतो तो पोस्टमन आणि कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झालेला तलाठी या दोघांना प्रोग्रामिंग येत नसेल. पण मलठण म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे त्यांना पाठ आहे. फंक्शन लायब्ररीत जाण्याआधी त्याचं नाव आणि वर्णन त्यांना एकदा वाचून दाखवा. ते काय करतं हे त्यांना सांगता आलं नाही, तर नाव बदला.