सहीआधीचा शब्द



धंद्यासाठी गाळा घेणारा आणि गाळा देणारा, दोघेही रविवारी एकाच बाकावर बसू शकतात. त्या दोघांमधील एका प्रश्नाचा आज आपण विचार करू या.

समजा, धुळ्यात आग्रा रोडला कुणी गाळा पाहिला. स्लॅबला ओल आहे. मालक म्हणतो, "भाऊ, काळजी करू नका, पावसाळ्याआधी स्लॅबचे काम मी करून देतो." या शब्दावर भाडेकरू अनामत भरतो. करारनाम्यात मात्र ओळ असते : सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी. तो सही करतो. जुलैत स्लॅब गळतो, माल भिजतो. मालक कागद पुढे करतो. आता दुरुस्ती कोणाची?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र भाडेकरूने करारात वेगळे कबूल केले असेल, तर मालकावर हे बंधन राहत नाही. शिवाय लेखी कराराच्या विरुद्ध जाणारे तोंडी बोलणे न्यायालय सहसा ग्राह्य धरत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ती सिद्ध करणे सोपे नसते.

म्हणजे कागद मालकाच्या बाजूने. मग त्याने निर्धास्त झोपावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सही मिळाली ती त्या शब्दामुळे. तो शब्द नसता तर भाडे तरी कमी ठरले असते. ज्या शब्दाचे पैसे घेतले, तो शब्द आपण देणे लागतो.

कुणी म्हणेल, ओल तर डोळ्यांना दिसत होती! आक्षेप योग्य आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद केला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर विक्रेत्याने ते सांगितलेच पाहिजे असे नाही. पण नुकसान करणारा झाकलेला दोष सांगणे त्याचे कर्तव्य आहे. आपला मालक मात्र गप्प राहिला नव्हता. त्याने आश्वासन दिले, म्हणूनच दिसणाऱ्या ओलीकडे भाडेकरूने दुर्लक्ष केले.

भाडेकरूही मोकळा नाही. आपल्या हातून मोडलेल्या शटरसाठी, न दिलेला शब्द मालकाच्या तोंडी घालणे हेही असत्यच.

म्हणून सहीपूर्वी दिलेला शब्द करारनाम्यात लिहा आणि करार नोंदवा. कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लिहून मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याला शब्द पाळायचा आहे, त्याला तो लिहून देण्यात अडचण कसली? आणि लिहायचे राहूनच गेले असेल, तर मालकाने पाऊस येण्याआधी गवंडी बोलवावा.

आपले धर्मगुरू